डहाणूतला शेवटचा व्हॉल्व्ह

परवा मिक्सर दुरुस्तीला नेला, तेव्हा दुकानात सोल्डरिंगच्या तापलेल्या राळेचा वास आला आणि २०१६ सालची एक दुपार आठवली. बाबांना हौशी रेडिओचं, म्हणजे घरच्या सेटवरून दूरच्या लोकांशी बोलण्याचं, वेड होतं. त्यांच्या जुन्या सेटमधला बल्बसारखा काचेचा व्हॉल्व्ह जळाला होता. केरळातल्या, कधीही न भेटलेल्या मित्राशी रोज सकाळी होणारं त्यांचं बोलणं त्यामुळे बंद पडलं होतं. आमच्या तलासरीत कुणाकडे व्हॉल्व्ह नव्हता, म्हणून आम्ही डहाणूला गेलो. असे व्हॉल्व्ह बनणं कधीच बंद झालं होतं; तिथे जुने भाग ठेवणारं एकच दुकान उरलं होतं.

दुकानदार भाईंनी माळ्यावरून धुळकट खोका काढला. "लास्ट पीस आहे, काका."

बाबांनी कापसातून व्हॉल्व्ह अलगद उचलला आणि उजेडात धरला. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढराफटक पडला होता.

"हवा शिरलीय. गेला हा."

"लावून तरी बघू या," मी म्हटलं.

"नको गं." त्यांनी तो पुन्हा कापसात नीट गुंडाळून ठेवला.

परतताना एसटीत मी विचारलं, "केरळातल्या त्या मित्राचा फोन नंबर असेल ना?"

"कधी मागितलाच नाही. रोज बोलत होतोच की."

तेव्हा मला वाटलं, एक सुटा भाग मिळाला नाही, इतकंच. आता कळतं, बाबा त्या दुपारी एक माणूस गमावून घरी आले होते.