एकतीस की सत्तावीस

हेडमास्तरचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. गॅरेज आठला उघडायचं, पण त्याच्या कामाला शांतता लागायची आणि आठनंतर माझा हातोडा सुरू व्हायचा. मी पत्र्याचं काम करायचो, तो गाड्यांचे स्टिरिओ बघायचा. दिवसातून वीस वेळा ‘गप्प बसा रे’ म्हणायचा, म्हणून हेडमास्तर.

कंपनीने बसवून दिलेला स्टिरिओ शेवटच्या आकड्यापर्यंत स्वच्छ वाजत नाही. एका आकड्यानंतर आवाज फाटतो. मोठे स्पीकर जोडायचे तर तो आकडा आधी माहीत हवा, नाहीतर स्पीकर जळतात. हेडमास्तर स्टिरिओला वीज पुरी मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवायचा, बेस-ट्रेबल शून्यावर आणायचा, शिट्टीसारखा एकसुरी आवाज लावायचा आणि एकेक आकडा चढवायचा. शिट्टीत जरा खरखर आली की दोन आकडे मागे. तो आकडा चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगखाली चिकटवायचा. त्याआधी दाराच्या खिशातली नाणी, चष्म्याची डबी, सगळं बाहेर, कारण तेही खडखडतं. एका गाडीला पाऊण तास. घाई करताना मी त्याला कधी पाहिलं नाही. तीस वर्षं त्याचा आकडा कोणी तपासलाही नाही.

एका दुपारी दातांची डॉक्टरीण गाडी घेऊन परत आली.

“काका, तुम्ही एकतीस लिहिलंय. तीसलाच चरचरतंय.”

“गाणंच तसं असेल, बाई.”

“चरचर मला नका शिकवू. दिवसभर तीच ऐकते मी.”

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. त्याने तिला गाडीत बसवलं. “डोळे मिट. आवाज फाटला की हात वर कर.”

एकोणतीसला वहिनींचा हात वर गेला. तो चढवतच राहिला. त्याच्या कपाळाला आठी पडली ती तेहतीसला. पुन्हा केलं. पुन्हा एकोणतीस. तिसऱ्यांदाही तेच.

“अहो, म्हणजे तुम्हाला खरंच ऐकू येत नाही? मी हाक मारली की सोंग करता असं वाटायचं मला!”

आम्ही हसलो. तोही हसला, पण मग जुन्या टायरवर जाऊन बसला.

“कानच गेला तर मी इथे करू काय? तुझ्या पत्र्याला हात लावू?”

“नको,” मी म्हटलं, “आहे त्याहून वाकडा करशील.”

कानाच्या डॉक्टरने सांगितलं, वयाने आणि गोंगाटाने वरचे बारीक आवाज गेलेत. गोंगाट बहुतेक माझाच असणार.

आठवड्याने तो डब्याएवढं एक यंत्र घेऊन आला. त्याच्या पडद्यावर शिट्टीच्या लाटा दिसायच्या. आवाज वाढला की लाटा उंच होतात, आणि त्यांचे माथे सपाट झाले की समजायचं, फाटला. डॉक्टरणीच्या गाडीत माथे एकोणतीसला सपाट झाले. त्याने एकतीसची चिठ्ठी खरवडून काढली आणि सत्तावीसची लावली.

“बघितलंत?” वहिनी म्हणाल्या. एवढंच, पण दिवसभर म्हणाल्या.

मग त्याने मागच्या दोन वर्षांतल्या ज्यांचे फोन नंबर सापडले त्या चौदा गाडीवाल्यांना निरोप धाडले. नऊ आले. सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न घेता, त्याने नऊही गाड्या पुन्हा तपासल्या. सहा चिठ्ठ्या बदलल्या. नाणी अजूनही बाहेर काढायचा, पाऊण तास अजूनही लागायचा.

“आता डोळ्यांनी बघतोस,” मी म्हटलं, “मग आम्हाला गप्प कशाला बसवतोस?”

“तुझा हातोडा मला तसाही आवडत नाही.”

ते यंत्र स्वस्त नव्हतं. चार वर्षं जादा काम करून मिळालेली मजुरी त्याने स्वतःच्या गाडीसाठी बाजूला ठेवली होती. त्यातली बरीचशी त्या यंत्रात गेली. जे उरलं, त्यातून वहिनींनी त्याला कानात घालायचं यंत्र घ्यायला लावलं.