तव्यावरचे कच्चे चाप

आमच्या घरी रविवारी डुकराचं मटण व्हायचं आणि ते मीच करायचो. बायको शाळेत शिकवते, आठवडाभर तीच स्वयंपाक करते, म्हणून रविवारची चूल माझी, असं लग्न झाल्यावर आपोआपच ठरून गेलं. बकऱ्याचं मटण आम्हाला क्वचित परवडायचं. डुकराचे चाप, म्हणजे बरगडीचे हाडासकट कापलेले तुकडे, त्या मानाने बरेच स्वस्त पडायचे.

बुटीबोरीला मी ज्या कापड कारखान्यात काम करतो, तिथे झारखंडचा एक माणूस माझ्याच पाळीला होता. चाप कसे करायचे ते त्याच्याकडून शिकलो. तेलाचा थेंबही घालायचा नाही. मीठ, हळद, आलं-लसूण चोळून चाप पातेल्यात मंद आचेवर ठेवायचे, म्हणजे कडेची चरबी हळूहळू वितळते. त्याच चरबीत कांदा लाल करायचा, मिरची ठेचून टाकायची, वरून अंबाडीची पानं आणि पाणी घालून झाकण ठेवायचं. तासाभरात अंबाडी विरघळून रस्सा आंबट होतो आणि मांस हाडावरून आपोआप सुटतं. उरलेल्या रश्शात दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ शिजवली की भाकरीबरोबर तेही जेवण होऊन जायचं.

हे सगळं चांगलं चाललेलं असताना मला नवीन काही करावंसं वाटलं. मोबाईलवर एक परदेशी माणूस जाडजूड चाप तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजताना मी पाहिला. तो सुरीने चाप मधोमध कापून दाखवत होता आणि आतून ते गुलाबी होते. असेच ठेवा, जास्त शिजवलेत तर चामडं होईल, असं त्याचं सांगणं. मी त्या रविवारी तसंच केलं. मिरं कुटून लावलं, लोखंडी तवा तापवला, चाप भाजले. बाहेरून रंग सुरेख आला. माझा चाप मी कापला तेव्हा हाडाजवळ तो नुसता गुलाबी नव्हता, लाल होता. मला ते दिसलं. पुन्हा तव्यावर टाकावेत असं मनातही आलं. पण बायकोने पहिला घास घेतला होता आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. छान झालं, म्हणाली. मग मीही माझा चाप तसाच खाल्ला.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, ती शाळेत जायला साडीच्या निऱ्या घालत उभी होती. मी मोरीत दाढी करत होतो. काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर ती जमिनीवर होती, डोळे वर गेलेले, दात घट्ट मिटलेले, आणि सगळं अंग झटके देत होतं. मी तिला हाक मारली. ती ऐकत नव्हती. ते किती वेळ चाललं ते मला आजही सांगता येणार नाही. शेजारच्या बायका धावत आल्या, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल आणली. माझ्या अर्ध्या चेहऱ्यावर साबण होता आणि मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरून बसलो होतो. ही आता मरणार, एवढं एकच मला कळत होतं.

ती मेली नाही. ऑटोत घालून दवाखान्यात नेईपर्यंत डोळे उघडले होते, पण मला ओळखायला तिला बराच वेळ लागला. डोक्याचा फोटो काढला. तरुण डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरून एक बारीक ठिपका दाखवला. मेंदूत कृमीची गाठ आहे, त्यामुळे झटका आला, म्हणाले. आणि लगेच विचारलं, "डुकराचं मटण खाता का?"

कधीमधी, असं मी म्हणालो. ते पुढे गोळ्यांबद्दल सांगत होते आणि मला फक्त हाडाजवळचा तो लाल रंग दिसत होता.

दुपारी सासूबाई काटोलहून बसने आल्या. त्या आधी लेकीजवळ बसल्या, तिच्या तळपायांवरून हात फिरवला. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"जावईबापू, माह्या पोरीले तुमी काय चारलं?"

आम्ही नेहमी खातो तेच, असं मी सांगितलं. आयुष्यात मी खोटं बोललो नाही असं नाही, पण त्या एका वाक्यासारखं खोटं पुन्हा माझ्या तोंडून निघालेलं नाही.

घरी आल्यावर मला भीतीने पछाडलं. ती गॅसजवळ गेली की मी मागे जाऊन उभा राहायचो. न्हाणीघराची कडी लावू द्यायचो नाही. ती जिना उतरायला लागली की मी दोन पायऱ्या पुढे. तिच्या हातून चमचा पडला तरी मी धावत जायचो. कारखान्यात मशीनवर उभा असताना खिशातला फोन थरथरला की तो काढायला हात धजायचा नाही. मोबाईलवर या रोगाबद्दल वाचायला लागलो आणि जितकं वाचलं तितका जास्त घाबरलो. तो तवा मी तीनदा उकळत्या पाण्याने घासला आणि शेवटी भंगारवाल्याला देऊन टाकला. तवा कुठे गेला म्हणून तिने विचारलं तर तडकला म्हणालो.

पंधरा दिवसांनी मोठ्या डॉक्टरांकडे दाखवायला गेलो. बाई वयस्कर होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्या कागद चाळत असताना माझ्याच्याने राहवलं नाही. बायको शेजारी बसली असताना मी बोलून टाकलं की झटक्याच्या तीन आठवडे आधी मी हिला कच्चे चाप खाऊ घातले, कच्चे आहेत हे दिसत असून.

डॉक्टरीण बाईंनी कागद खाली ठेवले. कच्च्या मांसातून जंत होतो तो पोटात होतो, त्यांनी समजावलं. मेंदूतली गाठ त्या जंताच्या अंड्यांनी होते. ज्याच्या पोटात जंत आहे अशा माणसाच्या न धुतलेल्या हातांतून, घाण पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून ती अंडी पोटात जातात आणि तिथून कृमी रक्तावाटे मेंदूत पोचतो. डुकराला कधी हात न लावलेल्या माणसांनाही होते. आणि अशी गाठ त्रास द्यायला लागेपर्यंत बहुतेक वेळा महिने जातात, कधी वर्षं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?" मी विचारलं.

"त्या चापांमुळे नाही. पण कच्चं वाढलंत ती चूकच. आणि घरात दुसऱ्या कोणाच्या पोटात जंत आहे का, ते बघावं लागेल. तुम्ही दोघंही तपासून घ्या."

मला सुटल्यासारखं वाटलं ते जेमतेम त्या खोलीच्या दारापर्यंत. मग लक्षात आलं की वर्षानुवर्षं मटण मी खातोय, रविवारी कणीक मी मळतो, कोथिंबीर मी चिरतो. जंत माझ्याच पोटात असला तर? रिपोर्ट येईपर्यंत मी घरातल्या कशाला हात लावला नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा तिला भरून दिला नाही. नखं मुळापर्यंत कापली.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी ती जवळ येऊन बसली.

"मले त्याच दिवशी दिसलं होतं," ती म्हणाली. "आतून लाल होतं ते."

"मग खाल्लं काहून?"

"तुम्ही तोंडाकडे पाहून राहिले होते."

तिने माझे हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतले. मी ते काढून घ्यायला लागलो तर तिने सोडले नाहीत.

रिपोर्ट दोघांचेही स्वच्छ आले. गाठ कुठून आली ते आम्हाला कधीच कळलं नाही. शाळेजवळच्या टपरीवरून आली असेल, लग्नातल्या काकडीच्या कोशिंबिरीतून आली असेल. सासूबाईंना मी स्वतः काटोलला जाऊन खरं काय ते सांगितलं. त्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि मला जेवून जा म्हणाल्या. त्या दिवशी ताटात वांग्याची भाजी होती. त्यांनी मला तीनदा वाढलं.

डुकराचं मटण आमच्या घरी पुन्हा आलं ते जवळपास वर्षाने, तेही तिने मागितलं म्हणून. मी चाप आधी कुकरमध्ये शिजवले, मग अंबाडीत तासभर ठेवले. मांसाच्या दोऱ्या झाल्या होत्या, तरी प्रत्येक तुकडा दिव्याखाली फोडून पाहिला. ती आवडीने जेवली. मी मात्र दोन घासांनंतर ताट बाजूला सारलं.

नंतरच्या फोटोत तो ठिपका वाळून खडूसारखा झालेला दिसला. झटका पुन्हा आला नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरीण बाईंनी गोळ्या हळूहळू कमी करायला सांगितल्या आणि गाडी चालवायची परवानगी दिली. सोमवारी झटक्यानंतर पहिल्यांदाच ती एकटी, स्वतःच्या स्कूटरवर, शाळेत गेली. मी रजा घेतली होती, ते तिला सांगितलं नव्हतं. पोचल्याचा तिचा फोन येईपर्यंत मी गॅलरीत उभा होतो.