काशिनाथचं नाक आणि पंपावरची हवा

टाकीच्या तळाशी पाणी साचतं ना, तसे पेट्रोल पंपावर किस्से साचतात. वेळेवर उपसले नाहीत तर गाडी बंद पडते! म्हणून उपसतो.

आमच्या कोन गावच्या पंपावर नोझल धरणारा काशिनाथ म्हणजे त्याच्या अख्ख्या करंजाडे गावाचं नाक. बाजारात त्याने पापलेट हुंगून "कालचा हाय" म्हटलं, की कोळीण निमूट टोपली झाकायची!

*

ड्यूटी संपली की गडी पेट्रोलने हात धुणार. मी, पंपाचा मॅनेजर, म्हणायचो, "अरे, साबण ठेवलाय!"

"साबनाला ग्रीस कलतंय का?"

तो जेवायला बसला की बिडीवाले रस्त्यापलीकडे!

*

एकदा नळी तोंडात धरून पेट्रोल ओढताना घोट पोटात गेला. दिवसभर पेट्रोलचे ढेकर. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्याची बायको, सुमनवहिनी, ओरडली, "आदी तुमी अंगनात जा, मंग मी काडी वढते!"

*

मग कंपनीचे साहेब आले. "पेट्रोलमध्ये बेन्झिन असतं, वर आणखी रसायनं मिसळतात. वाफ नाकातून, कातडीतून थेट रक्तात जाते."

काशिनाथ खूश. "म्हंजी साहेब, मी पन आता प्रीमियम!"

साहेबांनी मास्क वाटले. दुसऱ्या दिवशी हवा भरणाऱ्या शेखचाचांनी त्यातून चहा गाळला. "माशाल्ला, एक पत्ती नाय उतरली!"

*

आणि एक दिवस काशिनाथने घरी सडकी सुरमई आणली. स्वतः हुंगून! वहिनीने गुपचूप फेकली, पण त्याला कळलंच.

डॉक्टर म्हणाले, "वाफेचाच प्रताप असेल. नोझल सोडा. वास परत आला तर येईल, नाहीतर नाही."

मी त्याला चाचांबरोबर हवेच्या मशीनवर टाकलं. त्याने बाजार सोडला. "मासली पुठ्ठ्यासारी लागते," म्हणाला.  त्या दिवसापासून चाचा मास्क लावू लागले.

*

परवा वहिनी स्वतः डबा घेऊन पंपावर हजर. "वलखा बगू!" झाकण किलकिलं करून तिने त्याच्या नाकाशी धरलं.

मागे रिक्षावाला हॉर्न मारतोय. चाचा खेकसले, "थांब रे, इथं इम्तिहान चाललाय!"

काशिनाथने डोळे मिटून लांब श्वास घेतला. "...बोंबील!"

वहिनीने फटकन झाकण लावलं. "बरोब्बर!"

आम्ही टाळ्या पिटल्या. रिक्षावाल्यानेसुद्धा!

दुपारी जेवताना मी वहिनीने आणलेल्या त्याच डब्यात डोकावलो. भेंडी.

काशिनाथने बोटं चाटली, डबा साबणाने घासला आणि घरी फोन लावला, "सुमन, बोंबील झ्याक झालेला!"