वाळूदे काका

आमच्या ग्रुपमध्ये कुणी नव्या गाडीचा फोटो टाकला की काकांचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं: "वाळू दे." रंगाला सुरकुत्या पडल्या, वाळू दे. काच चिकटवताना धुरकट झाली, वाळू दे. चाकं फिरत नाहीत, तरी वाळू दे! हा ग्रुप म्हणजे दिल्ली, नॉयडा, गुडगावमधली मोठमोठी माणसं. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी तळहातावर मावणाऱ्या गाड्या जोडतात, रंगवतात आणि बिघडल्या की एकमेकांना सल्ले विचारत बसतात. त्यात मराठी आम्ही दोघंच. बाकीच्यांना वाटायचं, 'वाळूदे' हे काकांचं आडनाव आहे आणि सही करावी तसं ते प्रत्येक मेसेजमध्ये लिहितात. गाझियाबादच्या एका सरदारजींनी कुरिअरने त्यांना चाकं पाठवली, तर पाकिटावर 'श्री वालूदे साहब'. काकांनी ती चूक कधी दुरुस्त केली नाही. "असू दे की. खऱ्या आडनावाने इथल्या मंत्रालयात अख्खी नोकरी काढली, कुणी इतक्या प्रेमाने हाक मारली नाही," म्हणाले.

मी पुण्याची, नोकरी गुडगावला, आणि घाई हा माझा जुना आजार. पहिलीच गाडी मी रंगवल्या रंगवल्या बोट लावून पाहिली आणि बॉनेटवर अंगठ्याचा छान ठसा उमटवला. तो फोटो बघून काकांनी फोन केला. "पुणेकर, रंगाला बोटाने विचारायचं नसतं. नाकाने विचारायचं." गाडी नाकाशी धरायची. रंगाचा वास येतोय म्हणजे आतून ओली आहे, वरून कितीही कोरडी दिसो. वास गेला की वाळली. यासाठी ती उघड्यावर ठेवायची, झाकायची नाही. एवढं साधं गणित होतं, पण काकांचं नाक त्यात फार पुढे गेलेलं. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये आम्ही अधूनमधून जमायचो. तिथे लोक आपापल्या गाड्या घेऊन त्यांच्यापुढे रांग लावत. काका डोळे मिटून एकेक गाडी हुंगत आणि निकाल देत: "ही उद्या. ही आठवड्याने. ही कुणाची? अहो, हिला आत्ता कशाला उठवलंत!" समोर खिचडी निवत असायची आणि वाढपी आम्हाला वेड्यात काढत असायचा.

काकांच्या कपाटात वरच्या फळीवर एक बटबटीत गाडी होती. लाल रंग, बॉनेटवर खरखरीत खडे चिकटलेले. इतक्या देखण्या गाड्यांत ही कशी, असं मी विचारलं तर म्हणाले, "ती जैसलमेरला जाऊन आलीये." खरी गोष्ट त्यांच्या मुलीने, केतकीने सांगितली. तेव्हा ते आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. केतकी लहान होती. शाळेत हिंदी, खाली खेळायला हिंदी. घरातले कपडेसुद्धा तिच्या भाषेत 'सुकायचे'. वाळू म्हणजे तिला एकच ठाऊक, सुट्टीत अलिबागला पाहिलेली. एकदा तिने ओल्या गाडीकडे हात नेला आणि काका आतून ओरडले, "वाळू दे! वाळू दे!" पोर धावत खाली गेली, मागे बांधकाम चाललं होतं तिथून मूठभर वाळू आणली आणि आज्ञाधारकपणे बॉनेटवर ओतली. "घ्या."

ती गाडी काकांनी कधी घासून साफ केली नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या गाड्यांत त्यांना तीच जास्त आवडायची.

आता न आवडणारं सांगते. दिल्लीत धूळ इतकी की खिडकी उघडी ठेवून रंग मारला तर गाडीला मिशा फुटतात. म्हणून काकांनी नॉयडाच्या फ्लॅटची बाल्कनी काचा लावून बंद केली होती. त्या खोक्यात बसून ते थिनर आणि रंगाचे फवारे मारत. ग्रुपवर नवीन कुणी आला की ते त्याला आधी दटावत, "मास्क लावल्याशिवाय स्प्रेगन हातात घ्यायची नाही." स्वतः मात्र कधी लावला नाही. मास्क लावला तर वास कसा येणार, असं त्यांचं म्हणणं. ज्या नाकाचं आम्ही कौतुक करत होतो, ते नाक त्यांना आतून खात होतं.

खोकला हिवाळ्यात सुरू झाला. दिल्लीत हिवाळ्यात सगळेच खोकतात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. उन्हाळा आला तरी खोकला गेला नाही. मग जिना चढवेना, मग आंघोळ करताना दम लागायला लागला. फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांना केतकीने विचारलं, हे कशामुळे? ते म्हणाले, "हवा भी है, थिनर भी, उमर भी।" नाकात ऑक्सिजनची नळी आली. रंग, थिनर, सगळं घराबाहेर गेलं.

केतकीने तेव्हा मला दारातच अडवलं. "तुम्ही सगळे अंकल अंकल करत राहिलात. एकाने तरी विचारलं का यार, अंकल, आपका मास्क कहाँ है?" मला भयंकर राग आला, कारण ती बरोबर बोलत होती.

काकांच्या हातात तेव्हा एक गाडी अर्धी होती. त्यांची स्वतःची पहिली खरी गाडी, छोट्या रूपात: सेकंडहँड, निळी, डब्यासारखी चौकोनी. केतकी जन्मल्यावर तिला त्यांनी दवाखान्यातून घरी आणलं ते त्या गाडीतून, आणि पुढे तिच्या आईला शेवटचं दवाखान्यात नेलं तेही त्याच गाडीतून. तिचा किट कुठे मिळत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या शीटमधून एकेक भाग कापून ते ती बांधत होते. दारं झाली, चाकं झाली, रंग राहिला. "ही केतकीला द्यायची आहे," नळी सावरत मला म्हणाले, "तुझी घाई आता माझ्या कामाला येऊ दे."

मी ती गुडगावला नेली. व्हिडिओ कॉलवर काका पलंगावरून सांगायचे, मी मास्क लावून फवारायचे. निळा दोनदा चुकला. "आकाशी नको, पुणेकर. शाळेच्या स्कर्टचा निळा." तिसऱ्यांदा जमला. त्यावर चमक आणणारा शेवटचा हात मारला आणि नेमकं धुकं सुरू झालं. थंडीत रंग वाळता वाळत नाही. इकडे केतकीचे फोन यायचे आणि रोज तिचा आवाज आणखी बारीक झालेला असायचा. शेवटी मी गाडी केकच्या डब्यात घातली आणि नॉयडाला गेले. आयुष्यभर वाट बघायला शिकवलेल्या माणसाजवळ वाट बघायला वेळ उरला नव्हता.

काकांनी ती खालून, चाकांना धरून उचलली. कुठेही बोट लागू दिलं नाही. खूप वेळ बघत राहिले. मग सवयीने नाकाशी नेली, आणि थांबले. नाकात नळी होती. त्यांना कसलाच वास येत नव्हता.

"केतू," त्यांनी हाक मारली, "बघ गं जरा."

केतकीला रंगाचा तो वास नकोनकोसा झाला होता. तिने त्यांच्या आजारपणात घरातला प्रत्येक पडदा धुऊन तो हाकलला होता. ती आली, वाकली, डोळे मिटून गाडी हुंगली. अगदी त्यांच्यासारखी.

"येतोय अजून."

"मग वाळू दे," काका म्हणाले. "उघडी ठेव."

त्यानंतर त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य असं मी ऐकलं नाही. त्याच आठवड्यात ते गेले. ग्रुपने मोठा हार आणला होता, त्यावर 'वालूदे अंकल' लिहिलेलं होतं. केतकी चिडेल असं मला वाटलं, पण तिने तो स्वतःच्या हाताने त्यांना घातला.

होळीनंतर मी तिच्याकडे गेले. जैसलमेरवाली लाल गाडी जागेवर होती, शेजारी तो केकचा डबा. बंद. कडेने चिकटपट्टीसुद्धा लावलेली. माझ्यातली शिष्या लगेच जागी झाली.

"अगं, असं झाकून ठेवलं तर आत ओलसर राहील ती. उघडी ठेवायला सांगितलं होतं ना त्यांनी?"

"माहीत आहे मला."

तिने चिकटपट्टी सोडवली, झाकण बोटभर वर केलं आणि नाक आत घातलं.

"येतोय अजून," ती म्हणाली. "रोज थोडा कमी येतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ती वाळू द्यायची नाहीये."

मी झाकण चारी बाजूंनी नीट दाबून बसवलं.