पाइपवाले बाबू

खुर्चीवरून उठायचं, कोटाचा डावा खिसा चाचपायचा, मग उजवा, मग छातीवरचा, आणि पाइप हाताला लागला की कुणाकडेही न बघता म्हणायचं, "बसून काय होतंय?" एवढं बोलून ते व्हरांड्यात जायचे. टेबलावरच्या त्यांच्या चहावर कायम साय धरलेली असायची. गरम चहा पिताना मी त्यांना पाहिल्याचं आठवत नाही.

तेव्हाच्या कर्झन रोडवर, म्हणजे आताच्या कस्तुरबा गांधी मार्गावर, बैठ्या बराकींमध्ये आमचं सरकारी ऑफिस होतं. मी पुण्याहून स्टेनो म्हणून नवीनच आले होते. सेक्शनमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. बाकीचे त्यांना 'पाइपवाले बाबू' म्हणायचे. मी दादा म्हणू लागले, कारण आमची क्वार्टर्स एकाच ब्लॉकमध्ये निघाली आणि त्यांच्या बायकोनं पहिल्याच रविवारी मला जेवायला बोलावून, "मला वहिनी म्हण, म्हणजे प्रश्न मिटला," असं सांगून टाकलं. वहिनी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायच्या. त्यांच्या बोलण्यात प्रश्न फार लवकर मिटायचे.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत, देवांच्या फळीच्या खालीच, दादांनी सुताराकडून एक लाकडी घोडी करून घेतली होती. तिच्यावर पाइप ओळीनं टेकवून ठेवलेले. सरळ दांडीचा, बाकदार, मक्याच्या कणसाचा, ओढून ओढून मधासारखा पिवळा झालेला एक पांढरा. दिल्लीतून बदलून जाणारे वकिलातींतले लोक घरातलं सामान बंगल्याच्या हिरवळीवर मांडून विकायचे, तिथे दादा सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. नाहीतर लाल किल्ल्यामागचा रविवारचा बाजार. लोक तिथे जुने कोट आणि घड्याळं बघायचे. दादा कुणा गोऱ्या माणसानं दातांनी चावलेली पाइपची दांडी उन्हात धरून बघत बसायचे.

पण नुसता पाइप घेतला असं कधी झालं नाही. प्रत्येक पाइपमागे एक नट असायचा. कनॉट प्लेसच्या थिएटरात रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे लागत, ते दादा चुकवत नसत. तिरकी हॅट घालून गाणारा कुणी, त्याचा पाइप बारीक आणि लांब दांडीचा. जाडा विनोदी नट, तो बाकदार पाइप ओठांत लोंबता ठेवूनच बोलायचा. आणि आपल्या हिंदी सिनेमातले ते बॅरिस्टर बाप, ड्रेसिंग गाऊन घालून जिना उतरणारे. "हे जिना उतरताना पाइप पेटवतात, बघितलंस का?" दादा मला म्हणाले. "खऱ्या माणसाला जमणार नाही. वारा लागतो."

सोमवारी ते ऑफिसात शिरले की चालीवरूनच आम्हाला कळायचं, आज कोणता पाइप आहे. लांब दांडीचा असला की पावलं हलकी, मान कललेली. बाकदार असला की पोट पुढे, आणि आवाजसुद्धा नाकातून. आमचा हेड क्लार्क मेहरा विचारायचा, "आज कौन आया है, भाई?" वहिनी म्हणायच्या, "लग्न एकाशी लावलं माझं. संसार किती जणांशी करतेय, देव जाणे."

एकदा मी त्यांना विचारलं, रोज वेगळा पाइप कशाला? त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, "एकदा ओढला की पाइपला दिवसभर विश्रांती द्यावी लागते. लाकूड ओलं होतं ना आतून."

"आणि तुम्हाला?"

"मला काय करायचीय?" म्हणून ते उठले. डावा खिसा, उजवा खिसा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, कुठेही असली तरी दुसरीकडे निघाल्यासारखी दिसणारी. दादा तरुणपणी नाटकात होते, असं वहिनींकडून कळलं. साताऱ्याकडच्या एका कंपनीत दोन ओळींची कामं करत होते. मग वडील गेले, मागे बहिणी होत्या, कुणीतरी दिल्लीतली नोकरी दाखवली. "तेव्हापासून असे हिंडतायत घरातल्या घरात," वहिनी म्हणाल्या. "विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे करतोय."

अशात एके दिवशी सेक्शनमध्ये एक तरुण आला. सिनेमाच्या कंपनीचा माणूस, मुंबईहून आलेला. एका सरकारी बागेत शूटिंगची परवानगी हवी होती आणि त्याला चुकीच्या खोलीत पाठवलं होतं. त्याला योग्य खोली सांगेपर्यंत त्याचं लक्ष दादांच्या हाताकडे गेलं.

"भाईसाहब, ये पाइप कहाँ से मिला? हमारे हीरो को चाहिए. बैरिस्टर का रोल है."

दादांनी पाइप तोंडातून काढला. "बैरिस्टर? उम्र कितनी?"

"यही, पचास."

"फिर ये नहीं चलेगा," दादा म्हणाले. "ये गानेवाले का है."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि निवडक पाइप एका पिशवीत घालून सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या शूटिंगच्या बंगल्यावर गेले. तिथे काय झालं ते नंतर आम्हाला त्यांनी उभं राहून, सगळ्यांची कामं करून दाखवत सांगितलं. हीरोनं जन्मात पाइप धरला नव्हता. तो तंबाखू ठासून भरायचा, धूर येईना, आला तर ठसका. दादांनी त्याला शिकवलं. खाली सैल, वर जरा दाबून. काडी आडवी फिरवायची, ओढायची घाई करायची नाही. दुपारपर्यंत हीरोच्या गाऊनवर राख आणि तोंडावर घाम. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "इनके हाथ ले लो."

म्हणून हीरोची अंगठी दादांच्या बोटात घातली, गाऊनची बाही मनगटापर्यंत चढवली आणि कॅमेरा जवळ आणला. गोष्टीत बॅरिस्टरला मुलगा मेल्याची खबर आलेली असते. तो काही बोलत नाही, फक्त पाइप भरतो.

"मग?" मी विचारलं.

"मग भरला," दादा म्हणाले. "पहिल्यांदाच कुणाची नक्कल केली नाही गं. वडिलांची खबर आली होती तेव्हा माझे हात कसे झाले होते, ते आठवलं. तेवढंच."

सिनेमा दिल्लीत लागला तेव्हा आमचा निम्मा सेक्शन आणि ब्लॉकमधली सगळी मराठी घरं कनॉट प्लेसला लोटली. वहिनींनी ठेवणीतली इरकली नेसली होती. दादा कडेच्या खुर्चीवर, त्यांच्या शेजारी वहिनी, मग मी. मध्यंतर झालं तरी हातांचा पत्ता नव्हता. मेहरा मागून कुजबुजला, "काट दिया होगा, यार." दादांनी ते ऐकलं. त्यांचा गुडघा हलायला लागला. नायिकेचं एक गाणं झालं, मग दुसरं सुरू झालं. दादा उठले. अंधारात त्यांनी खिसे चाचपलेले मला कळले. "आलोच बाहेरून," म्हणाले आणि गेले.

गाणं संपलं. बॅरिस्टरच्या घरी तार आली. आणि पडद्यावर, आमच्या डोक्यांएवढी मोठी, दादांची बोटं उमटली. डाव्या हाताच्या अंगठ्याचं ते चिरलेलं नख, रोज फाइली उलटताना मी पाहत होते तेच. बोटं तंबाखूच्या डबीत गेली, थांबली, जणू कशासाठी आलो ते विसरली, आणि मग हळूहळू पाइप भरू लागली. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

"अहो!" वहिनी ओरडल्या. "अहो, हात! तुमचे हात!" त्यांनी शेजारी चाचपलं. खुर्ची रिकामी होती.

मी बाहेर धावले. दादा लॉबीत भिंतीवरच्या पोस्टरांसमोर येरझाऱ्या घालत होते. माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. ते आत पळाले, पण तोवर पडद्यावर आगगाडी चालली होती.

बाहेर पडल्यावर सगळ्यांनी त्यांचे हात हातात घेऊन दाबले. ते हसत होते, "थँक यू, थँक यू" म्हणत होते, आणि मान वळवून पुन्हा पुन्हा थिएटरच्या दाराकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी शाळेतून अर्धी रजा काढली आणि त्यांना पुन्हा घेऊन गेल्या. "मी यांचं मनगट घट्ट धरून बसले होते," त्यांनी मला सांगितलं. "हात पडद्यावर आले ना, तर इकडे माझ्या मुठीतली यांची बोटंही पाइप भरायला लागली."

त्यानंतर दादांचं हिंडणं वाढलं. फाइल उघडायची, मिटायची, बाहेर जायचं. दुपारी जेवायला डबा उघडायचे आणि तसाच झाकायचे. साहेबांनी दोनदा बोलावून समज दिली. पाइप मात्र एकच ठेवला, तोसुद्धा नुसता हातात. सोमवारी कोण आलंय, हे मेहरानं विचारणंही बंद केलं.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. वहिनी मेथी निवडत होत्या. दादा दारापासून खिडकीपर्यंत आणि परत असं चाललं होतं. मेथीची जुडी खाली ठेवून वहिनी म्हणाल्या, "मुंबईला जाऊ या."

दादा थबकले. "कशाला?"

"ते तुम्हाला माहितीय. मुलीचं लग्न झालं. बहिणी आपापल्या घरी सुखी आहेत. आता कुणासाठी थांबायचं?"

"आणि नोकरी? माझी, तुझी?"

"मराठी शिकवायला मुंबईत शाळा कमी आहेत का?"

"या वयात? लोक हसतील."

"हसू देत की. इतकी वर्षं हसवायचंच मनात होतं ना तुमच्या?"

मला वाटलं, आता हे खिसे चाचपणार आणि बाहेर जाणार. पण ते गेले नाहीत. रागावले. मोठ्या आवाजात म्हणाले, "दोन हात दिसले म्हणून कुणी नट होत नाही!" वहिनींनी पुन्हा जुडी उचलली. "नाही होत," त्या म्हणाल्या. "पण न गेलेला माणूस रोज माझ्या डोळ्यांसमोर चालतोय, आणि मला आता ते बघवत नाही."

महिन्याभरात दोघं गेले. नवी दिल्ली स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो. वहिनी खिडकीशी बसून आम्हाला भाज्यांच्या कुंड्यांना पाणी घालायची आठवण करून देत होत्या, आणि दादा गाडी हलेपर्यंत फलाटावरच होते.

त्यांच्या जागी आलेला माणूस अतिशय सज्जन होता. दहाला बसायचा तो पाचला उठायचा. मला त्याचा काही त्रास नव्हता, पण टायपिंग करताना माझ्या चुका वाढल्या. उगीचच मान वर व्हायची.

मुंबईत दादांना कामं मिळाली, असं कळत गेलं. मोठी नाहीत. पार्टीतला पाहुणा, क्लबातला म्हातारा, कुठे नव्या खलनायकाला पाइप धरायला शिकवणं. मी प्रत्येक सिनेमात त्यांना शोधायचे. एक-दोनदा सापडले, पाठमोरे. पुढे पडद्यावरचे पाइपच गेले. मग दादाही गेले. छातीचं दुखणं होतं. त्या धुरानं ते केलं, हे वहिनींनी कधी झाकलं नाही.

मागच्या हिवाळ्यात वहिनी मुलीकडे द्वारकेला आल्या होत्या. मी मेट्रोनं भेटायला गेले. बाल्कनीत ऊन होतं. त्या फार वाकल्या आहेत, ऐकू कमी येतं, पण प्रश्न अजून तसेच लवकर मिटवतात. चहा झाला, जुनं सगळं बोलून झालं. मग इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं.

"वहिनी, दादा तिथे सुखी होते का हो?"

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. खाली सोसायटीच्या बागेत कुणीतरी मुलांना हाका मारत होतं.

"सुखी की काय ते मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "काम नसलं की चिडचिड करायचे, काम मिळालं की छोटं मिळालं म्हणून चिडचिड. खोली एवढीशी. पण दिल्लीत, तुला सांगते, लग्न झाल्यापासून या माणसाला मी कधी गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं. कधीही डोळे उघडले की हे जागेच."

त्यांनी मान कलती केली, तळहात गालाखाली घेतला आणि क्षणभर डोळे मिटून दाखवले.

"मुंबईत असे झोपायचे. शूटिंगवरून आले की पाठ टेकताच. मी पंखा बंद करायचे, भांडी आवरायचे, तरी जाग यायची नाही."