पॉलिशच्या लोकरीतली रेती

मोटारीच्या रंगाला चमक कशी आणतात हे मला माझ्या नवऱ्याने शिकवलं, आणि त्याच कामापायी मी त्यांच्याशी सव्वा महिना बोलले नाही. पुष्कळ वर्षं झाली. तरी तो दिवस आठवला की अजून माझी कानशिलं तापतात.

माझं माहेर उमरेडचं, विणकरांचं. चालायला लागले तेव्हापासून मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. सूत बोटांत धरलं की त्यात पीळ कुठे कमी आहे, गाठ कुठे आहे, हे न बघता कळे. सासरही विणकरांचंच होतं, नागपुरात इतवारीच्या पलीकडच्या वस्तीत, पण नवऱ्याने माग सोडला होता. सदर भागात मोटारी दुरुस्त करायचा एक कारखाना होता, तिथे ते रंगकामाला लागले होते. स्प्रेने मारलेला रंग वाळला की मंद दिसतो, डोळ्यावर पडदा आल्यासारखा. तो घासून त्यात तोंड दिसेल इतकी चमक आणायची, हे त्यांचं काम. आधी ते हातानेच करत. मग मालकाने लष्कराच्या लिलावातून एक विजेचं मशीन आणलं. चांगलं जड, दोन्ही हातांनी धरायचं, पुढे गरगर फिरणारी थाळी. थाळीवर पॅड बांधायचं, त्याला पॉलिश लावायचं आणि रंगावरून फिरवायचं.

मशीनबरोबर आलेली पॅडं दोन महिन्यांत झिजून गेली. मालकाने एक जुनी घोंगडी फाडली आणि तिचे तुकडे थाळीला बांधायला लावले. त्या आठवड्यात नवरा रोज चिडून घरी येई.

"उन्हात गाडी उभी केली का गोल गोल ओरखडे दिसते," ते म्हणाले. "कोळ्याचं जाळं वाटते पुरं. पॉलिश तर तेच हाये."

मी म्हटलं, तुकडा घेऊन या. आणला. मी तो गालावरून फिरवला आणि त्यांच्यापुढे टाकला.

"हे तुमच्या गालाले घासून पाहा. काटे हायेत ह्यात. रंग काहून नाही खरचटनार?"

मग मी पॅड शिवायला घेतलं. धनगरांकडून कोवळ्या मेंढीची लोकर मागवली, रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतली, विंचरली, काडी-कुसळ वेचून काढलं. मांजरपाटाचे दोन थर घेऊन त्यावर लोकरीचे झुबके दाट दाट टाचले आणि वरून कात्रीने एकसारखे कापले. काठाला नाडी घातली. पहिलं पॅड मशीनवर उडून गेलं, कारण नाडी कच्ची होती. दुसरं टिकलं.

त्या दिवसांत ते मला रोज सांगत आणि मी रोज विचारत असे. पहिल्या हाताला जाडी पेस्ट, ती रंग कापते. तिच्यासाठी नमद्याचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं पॅड, कडक. दुसऱ्या हाताला बारीक पॉलिश, ते फक्त उजळतं. त्याला लोकरीचं, मऊ. दाराच्या आणि बॉनेटच्या कडांवर रंग पातळ बसतो, तिथे मशीन क्षणभरही रेंगाळू द्यायचं नाही. आणि जाडी पेस्ट लागलेलं पॅड बारीक पॉलिशला कधीही लावायचं नाही, कितीही धुतलं तरी. हे शेवटचं मला इतकं पटलं, की मी नमद्याच्या पॅडांना काठाने लाल दोरा घातला आणि लोकरीच्यांना पांढरा. चूक व्हायलाच नको.

दर आठवड्याला पॅडं धुवायला घरी येत. धुतल्या पाण्याच्या रंगावरून मी सांगे, या आठवड्यात निळी गाडी झाली, एक मरून झाली. मालक गिऱ्हाइकांना सांगे की पॅडं कलकत्त्याहून येतात. मला राग येई, पण तो गिळण्यासारखा होता.

मग राजधानी नागपुरातून हलली. मोठमोठे अधिकारी सामानसुमान घेऊन गेले, त्यांच्या मोटारीही गेल्या. कारखान्यात दोन दोन दिवस एकही गाडी येईनाशी झाली. मालक प्रत्येक गोष्टीत हात आखडू लागला.

त्या वैशाखात एका डॉक्टरीणबाईंची गाडी आली. गडद हिरवी, लहानशी. बाई एका बायकांच्या दवाखान्यात होत्या आणि गाडी स्वतः चालवत. गाडीला नवा रंग मारला, पॉलिश केलं, संध्याकाळी बाई घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात त्यांनी ती पाहिली आणि सरळ परत आणली. बॉनेटभर ओरखडे होते, आणि एका कडेला रंग जाऊन खालचं राखी अस्तर उघडं पडलं होतं.

दुपारी नवरा अवेळी घरी आला. पॅडांची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. मी विचारलं, जेवता का? नाही म्हणून मान हलवली. काय झालं याचा शब्द शब्द ओढून काढावा लागला.

मालकाने सगळ्या कामगारांसमोर आणि बाईंसमोर त्यांच्यावर ठपका ठेवला होता. म्हणाला, याने शेवटच्या हाताला लाल दोऱ्याचं पॅड लावलं. लक्ष नसतं कामात. आणि वर म्हणाला, बायकोने घरी शिवलेले चिंध्यांचे गोळे वापरतो, दुसरं काय होणार. उद्यापासून येऊ नको.

कलकत्त्याची पॅडं एका दिवसात माझ्या चिंध्या झाली.

"अन् तुमी काय म्हनलं?"

"काय म्हनू?"

"लाल लावलं होतं का तुमी?"

"नाही वं. पांढरंच होतं."

मी पिशवी उचलली आणि मोरीवर गेले. लाल दोऱ्याचं पॅड एका परातीत धुतलं. तळाशी नेहमीसारखा मऊ चिखल बसला. पांढऱ्या दोऱ्याचं पॅड दुसऱ्या परातीत धुतलं. पाणी हळूच ओतून टाकलं, तर तळाशी काळी, चमकणारी रेती. बारीक पॉलिशच्या पॅडात रेती! मी परात त्यांच्यापुढे नेऊन आदळली. त्यांनी चिमूट उचलली, दोन बोटांत चोळली.

"व्हॉल्व्ह घासाची पेस्ट हाये हे," ते म्हणाले.

ही पेस्ट इंजिनातलं लोखंड घासायची. रंगावर लावली तर रंग उरणारच नाही.

"ते पॉलिशच्या डब्यात कशी गेली?"

ते बोटांवरची रेती परत परातीत झटकत राहिले. त्यावरूनच मला कळलं.

"तुमाले मालूम होतं."

"पाह्यलं होतं," ते खाली बघत म्हणाले. "पॉलिश सरत आलं होतं. मालक सकाळी डब्यात कायतरी मिळवून राहिले होते, तेल टाकून. मशीन लावलं तं आवाज बी येगळा आला. पन ते बाजूलेच उभे होते."

मालकाचा राग होताच. पण आता माझ्या तळपायातून जे वर चढलं ते नवऱ्याबद्दलचं होतं. ज्या माणसाने मला शिकवलं की एका कणाने रंगाची वाट लागते, त्याने आवाज वेगळा आलेला ऐकला आणि मशीन चालूच ठेवलं. वर माझ्या शिवणीला चिंध्या म्हटलेलं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेली पॅडं पिशवीत घातली.

"तू जाऊ नको वं," ते म्हणाले. "बायकाची जागा नाही ते."

"मंग तुमी चाला."

ते उठले नाहीत. मी एकटी निघाले. इतवारी ते सदर पायी गेले. टांग्यात बसले असते तर राग थंड झाला असता, असं तेव्हा वाटलं.

कारखान्यात पोचले तेव्हा हिरवी गाडी मधोमध उभी होती आणि डॉक्टरीणबाई मालकाशी बोलत होत्या. पाच-सहा कामगार भोवती होते. नऊवारीतली बाई पिशवी घेऊन आत आलेली पाहून ते एकमेकांना कोपरं मारू लागले. मी कोणाची बायको ते सांगितलं आणि पॅडं बाहेर काढली.

मालक हसला. "बाई, घरी जा. हे मशीनचं काम आहे, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"पॅड म्या शिवलं," मी म्हटलं. "लालमध्ये रेती नाही, पांढऱ्यात हाये. म्हनजे रेती डब्यातून आली. डबा दाखवा."

"डब्यात काहीही नाही. उत्तम पॉलिश आहे."

डबा फळीवर समोरच होता. मी तो उचलला, झाकण काढलं आणि पांढऱ्या दोऱ्याचं पॅड आत बुडवलं. छपराखाली मालकाची स्वतःची काळी गाडी उभी होती, आरशासारखी. नवऱ्यानेच कितीदा पुसलेली. मी तिच्यापाशी गेले.

"उत्तम हाये ना? मंग तुमच्या गाडीले लावून पाहू."

पॅड दारापासून वीतभर असेल. मालक धावत आला आणि त्याने माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल असं. मी हात सोडवला नाही. त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. परक्या पुरुषाने असा हात धरला म्हणून मला लाज वाटायला हवी होती, पण रागाने इतकी भरले होते की लाजेला जागाच नव्हती.

"हात सोडा त्यांचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण त्याने सोडला.

बाईंनी डब्यात बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं, उजेडात धरलं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मालक म्हणाला, "बाहेरची धूळ गेली असेल. दिवस धुळीचे आहेत." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारपासून ये म्हणावं त्याला."

"ते येनार नाही," मी म्हटलं आणि निघाले.

हे मी कोणाला विचारून म्हटलं नव्हतं. घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग लाल झाला.

"तू कोन ठरवनारी? काम माह्यं होतं!"

"शिवन माही होती!"

त्यानंतर आम्ही बोललो नाही. ते रोज सकाळी कामाच्या शोधात जात आणि दुपारी परत येत. दुसऱ्या कारखान्यांत बातमी आधीच पोचली होती. याची बायको येऊन भांडते, असं म्हणत. मी ताट वाढायची, ते जेवायचे. मला एकच गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकायची होती आणि त्यांनाही बहुतेक माझ्याकडून एक ऐकायची होती. दोघांनीही तोंड उघडलं नाही.

सव्वा महिन्याने, मिरगाच्या तोंडावर, हिरवी गाडी आमच्या गल्लीत शिरली. ओरखडे तसेच होते. बाई खाली उतरल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हीच करा. त्यांच्याकडे मी पुन्हा देणार नाही."

"माह्यापाशी मशीन नाही बाई."

"मग हाताने करा. मला घाई नाही."

कडेला नवा रंग लागणार होता, तो नवऱ्याने एका ओळखीच्या रंगाऱ्याकडून मारून घेतला. बाकीचं गल्लीत, सकाळी सहा ते नऊ. नऊनंतर पत्रा इतका तापे की पॉलिश लावताच वाळून जाई. तिसऱ्या दिवशी मी दारात गहू निवडत होते. ते गाडीशी उभे होते, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता ह्याच्यावर कोनतं घेऊ?"

त्यांना ठाऊक होतं कोणतं घ्यायचं. माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"पांढरंच," मी म्हटलं. "पन नवं. ते जुनं म्या जाळलं." आणि मग जे आतमध्ये अडकलं होतं ते बाहेर आलंच. "पाह्यलं होतं तं काहून नाही बोलले तुमी?"

ते कितीतरी वेळ बॉनेट पुसत राहिले.

"भेव वाटला," ते म्हणाले.

मी सुपातले गहू तसेच ठेवून आत गेले आणि नवं पॅड आणून दिलं. राग गेला असं नाही. अर्धा तरी गेला असेल. बाकीचा अर्धा मालकाचा होता, तो आजही आहे. आणि विचारल्याशिवाय मी त्यांची नोकरी सोडून आले, ते चुकलं, हे मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

बाईंनी दवाखान्यातल्या दोघा-तिघांच्या गाड्या पाठवल्या. त्यातून गल्लीतलं काम वाढलं, आणि तीन-चार वर्षांनी जुनं का होईना, आमचं स्वतःचं मशीन झालं. पॅड आणि पॉलिश मी निवडत असे. नवा डबा आला की आधी माझ्या अंगठ्यावर, मग गाडीवर.

पण एक गोष्ट मला पुष्कळ दिवस सलत राहिली. घरी पाहुणे आले की ते हा किस्सा रंगवून सांगत. बायको सदरपर्यंत पायी गेली, मालकाची काळी गाडी घासायला निघाली, मालक कसा धावला. सगळे पोट धरून हसत आणि मी चहा ठेवायला आत जाई. त्यात मनगट धरल्याचं नसे, डब्यात मिसळताना पाहिल्याचं नसे, आवाज वेगळा आल्याचंही नसे.

एकदा उमरेडहून माझा भाऊ बायकोला घेऊन आला होता. किस्सा संपला, हसणं झालं. मी आत गेले नाही. चौकटीपाशीच उभी राहून म्हटलं, "आधीचं बी सांगा ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. भाऊ एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघू लागला. मला वाटलं उठून जातील. मग त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं. सकाळी मालक डब्यात काय मिळवत होता ते, मशीनचा आवाज कसा आला ते, आपण कसे गप्प राहिलो ते. हळू सांगितलं, पण सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. मी त्यांच्याजवळ पाट ओढून बसले, आणि चहा त्या दिवशी भावाच्या बायकोने केला.