मॅडमचं "हं"

काकांना सगळ्यात जास्त धास्ती कशाची, तर एका अक्षराची. मॅडमच्या "हं" ची.

डोळ्यांवर संशोधन चालायचं त्या संस्थेत काकांकडे ससे होते. पिंजरे धुवायचे, पाला घालायचा आणि तपासणीला एकेक ससा पंच्यात गुंडाळून मशीनसमोर धरून बसायचं. वय वाढतं तसा सशाचा डोळा कसा बदलतो, हे मॅडम, म्हणजे तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टर, बघत होत्या. तेच ससे, पिल्लू असल्यापासून म्हातारे होईपर्यंत. "डोळ्यातलं भिंग जन्मभर वाढतच असतं बरं का काका, थरावर थर, कांद्यासारखं," असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. भिंग स्वच्छ असलं की त्या "छान!" म्हणायच्या. गढूळ दिसलं की नुसतं "हं". आणि "हं" झालेला ससा लवकरच पलीकडच्या खोलीत जायचा. परत यायचा तो रिकामा पिंजरा, धुवायला.

आता गंमत बघा, गढूळपणा आला तो नेमका काकांच्याच डोळ्यांत. खिडकीकडे बघितलं की सगळं धुरकट. सशाच्या कानातला नंबर वाचायला गेलं की कान नाकाला लागायचा. घरी तर विचारूच नका! परवा दोरीवरच्या शर्टाला म्हणाले, "बाहेर काय उभी राहिलीस? आत ये की."

"मी इथंय," बायको मागून म्हणाली. "शर्टाशी संसार करायचा असेल तर तसं सांगा." पण हसता हसता तिचा चेहरा उतरला. "अहो, मॅडमना दाखवा ना एकदा."

"काही झालेलं नाही मला!" काका खेकसले.

झालं होतं हो, आणि त्यांना ठाऊक होतं. वडिलांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. शेवटी दाराशी बसून ते पावलं वाजली की "कोण?" म्हणायचे, पोटच्या मुलालासुद्धा. ते "कोण?" काकांच्या डोक्यातून जात नव्हतं. शिवाय नोकरी? दिसत नाही त्याच्या हाती ससे कोण देणार?

त्या दिवशी म्हातारीची तपासणी होती. म्हातारी म्हणजे सगळ्यात जुनी मादी, काकांची लाडकी. मॅडमनी मशीनला डोळा लावला.

"हं."

काकांनी म्हातारीला आणखी घट्ट धरलं. तेवढ्यात मशीनचा दिवा लुकलुकला. मॅडम वैतागल्या. "म्हातारीत गडबड आहे की मशीनमध्ये, कळेना. काका, तिला ठेवा आणि तुम्ही बसा बरं."

"मी कशाला? पिंजरे धुवायचेत."

"पिंजरे काय पळून जातायत? बसा."

काकांनी हनुवटी पट्टीवर टेकवली. उजेड डोळ्यात घुसला. छान म्हणा, मॅडम, एकदाच छान म्हणा, एवढंच त्यांच्या मनात चाललं होतं.

"हं," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे आता मी पलीकडच्या खोलीत?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

मॅडम खो खो हसल्या. मग काका हसत नाहीत हे दिसलं आणि त्यांनी खुर्ची जवळ ओढली. काकांनी वडिलांचं सगळं सांगून टाकलं. मॅडमनी डोळ्याचा दाब मोजला, आतली शीर पाहिली. "काचबिंदू नाही हा, काका. साधा मोतीबिंदू आहे. हे भिंग काढायचं, नवं बसवायचं, की पेपर वाचाल. आणि इतके दिवस तोंड शिवून बसलात? कमाल आहे तुमची!"

काका तिथेच हमसून हमसून रडले. सशाच्याच पंच्यानं त्यांनी तोंड पुसलं आणि बायकोला फोन लावला. "वाचलो गं," एवढंच बोलता आलं.

फोन ठेवला, तर म्हातारी टेबलावर नाक हलवत बसलेली.

"मॅडम, हिलाही माझंच झालंय ना?"

"हो."

"मग हिचंही भिंग..."

मॅडमनी चष्मा काढला आणि पुसतच राहिल्या. "हिचं भिंग आम्हाला बाहेर काढून बघायचंय, काका. अशीच भिंगं बघून तुमच्यासारख्यांचं कळतं."

काकांनी म्हातारीला त्या ओल्या पंच्यात गुंडाळलं आणि छातीशी धरलं.

"उद्या न्या," ते म्हणाले. "आज राहू दे माझ्याकडे."